न तपासलेलं पान

वर्गातलं लोखंडी कपाट उघडायची एक रीत होती. आधी गुडघ्याने धक्का, मग कडीला हिसका. उलट केलं तर ते दिवसभर रुसून बसे. त्याच्या खालच्या कप्प्यात पुठ्ठ्याच्या चौतीस फायली होत्या, कोपऱ्यात भोक पाडून दोरी ओवलेल्या. हा वर्ग पहिलीपासून चौथीपर्यंत बाईंच्याच हाताखाली चढत आला होता, आणि दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी प्रत्येक मूल त्यात एक पान लिहून ओवत आलं होतं.

पानाचे नियम बाईंनीच केलेले. काय लिहायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. बाईंनी लाल शाई उघडायची नाही, चुका काढायच्या नाहीत. खाली हिरव्या पेनाने दोन ओळींचं उत्तर लिहायचं, पत्राला लिहितात तसं. चौथी संपली की चाळीस पानांची फाइल पोराच्या हातात आणि पोर मोठ्या शाळेत.

पालकांना हे पचायला जड जाई. "बाई, चुकाच चुका आहेत हो, आणि तुम्ही खाली लिहिता 'वा, मला पण कुत्र्याची भीती वाटते'?" बाई हसून वेळ मारून नेत. फाइल चाळली की काय दिसतं ते त्यांना ठाऊक होतं. पहिलीच्या पहिल्या पानावर पाय फुटलेलं एक वर्तुळ आणि त्याच्या शेजारी उताराला लागलेली चार अक्षरं. तिसऱ्या-चौथ्या पानावर अक्षरं एकमेकांना चिकटून उभी, बसमध्ये माणसं दाटीवाटीने उभी राहतात तशी, शब्द कुठे संपला ते त्यांनाही ठाऊक नसलेली. मग कधीतरी कुणाला तरी शोध लागायचा की शब्दांमध्ये जागा सोडता येते. तो लागला, की पोरगं एवढी जागा सोडायचं, की मधून सायकल जावी. दुसरीत वाक्यं यायची, आणि वाक्यांना जोडायला एकच खिळा: मग.

त्या खिळ्याने एका मुलीने तर आख्खं घर बांधलं होतं. 'मी उठले मग दात घासले मग ब्रश पडला मग आई ओरडली मग मी ओरडले मग बाबा हसले मग आई बाबांवर ओरडली.' एका पानात एकोणीस. पोरांनी मोजले आणि तिचं नाव मगू ठेवलं. ती चिडली नाही. "मग?" म्हणाली, आणि वर्ग खदखदून हसला.

मगूचे वडील लिफ्ट दुरुस्त करायचे, आई चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असायची. बाईंना सगळीच पोरं सारखी, असं त्या सगळ्यांना सांगत. पण फायलींचा गठ्ठा घरी नेला की मगूची त्या शेवटी वाचायला ठेवत, जेवताना आवडीचा घास शेवटाला ठेवतात तशी.

तिसरीच्या मध्यावर मगूने एक पान लिहिलं.

'माझे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. आता करत नाहीत. पण रोज डबा घेऊन जातात. ते शाळेच्या मागच्या बागेत बसतात. मी खिडकीतून बघितलं. मग त्यांनी डबा खाल्ला. मग डबा पुसला. मी हात केला नाही कारण मग त्यांना कळलं असतं की मला कळलंय. मी आईला पण सांगितलं नाही कारण ती रोज विचारते भाजी कशी होती आणि बाबा सांगतात.'

पान वाचून बाई खुर्चीवरून उठल्याच. कारण! एकदा नाही, दोनदा! दुसरीपासून जी पोर 'मग'चे खिळे ठोकत होती, तिने एकदम बिजागरी बसवली होती. एका गोष्टीमागे दुसरी गोष्ट असते हे तिला दिसलं होतं आणि ते तिने वाक्यात बसवलं होतं. बाईंनी नियम मोडून दोन्ही 'कारण' हिरव्याने अधोरेखित केले. खाली लिहिलं, 'काय सुंदर वाक्यं लिहिलीस!'

आणि पुढच्याच आठवड्यात पालकसभा होती.

सभेत नेहमीचा विषय निघाला. एक गृहस्थ उभे राहिले आणि म्हणाले, "या पानांनी होतं काय? वेळ जातो फक्त." मुख्याध्यापकांनी बाईंकडे पाहिलं. बाईंना चेव आला. "काय होतं ते ऐकाच," म्हणाल्या आणि फाइल उघडून पान वाचलं. खड्या आवाजात, प्रत्येक 'कारण'वर थांबून. नाव घेतलं नाही, तेवढी काळजी घेतली होती.

नाव कशाला लागतंय? त्या वर्गात लिफ्ट दुरुस्त करणारा बाप एकच होता. दुसऱ्या रांगेत, बायकोच्या शेजारी, मांडीवर रिकामा डबा घेऊन बसलेला. तो थेट 'कामावरून' सभेला आला होता.

कुणी हसलं नाही. कुणीतरी खोकलं. मागच्या बाकावर मुलं बसली होती. मगू बाईंकडे बघत नव्हती, आईच्या पाठीकडे बघत होती. आईची मान हळूहळू वळली आणि डब्यावर येऊन थांबली. बाईंना तेव्हा कुठे ऐकू आलं की आपण काय वाचलं. आठवडाभर त्यांनी ते पान दहादा वाचलं होतं, आणि त्यात त्यांना दोन शब्दच दिसले होते.

दुसऱ्या दिवशी मगूला जवळ बोलावून त्या म्हणाल्या, "फार छान लिहिलं होतंस हं तू." याच्यापेक्षा गप्प बसल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी मगूने लिहिलं, 'माझा आवडता प्राणी ससा आहे. ससा पांढरा असतो. ससा गाजर खातो.' पुढच्या महिन्यात मोर. मग गाय, सूर्य, पाण्याचे उपयोग, स्वच्छता. चौथी निम्मी सरली तरी गाडी त्याच रुळावर. अक्षर मोत्याचं, काना-मात्रा जागच्या जागी, पानभर एक खाडाखोड नाही. मुख्याध्यापक ते पान वर धरून म्हणाले, "बघा! याला म्हणतात प्रगती. हिला निबंधस्पर्धेला पाठवा."

"सर, हिने कुठे खोडलंच नाहीये," बाई म्हणाल्या.

"तेच म्हणतोय मी!"

बाईंनी पुढे वाद घातला नाही. पण त्यांना माहीत होतं. जुन्या पानांवर मगूचा खोडरबर नुसता नाचलेला असायचा, कागदाला कधी भोकही पडायचं. मनातलं कागदावर आणताना ते असं नाही, तसं, असं म्हणत माणूस खोडतो. ससा पांढरा असतो यात खोडण्यासारखं काय आहे?

आता दोनच पानं उरली होती. या महिन्याचं एक आणि शेवटच्या महिन्याचं एक. मग मगू मोठ्या शाळेत जाणार, तिथे आठ विषय आणि आठ शिक्षक. तिथे कुणालाही वाटणार की ही मुलगी आधीपासून अशीच लिहिते, आणि मुलीलाही हळूहळू तसंच वाटणार. तिचं मनातलं लिहिणं बाईंनीच बंद केलं होतं, तेव्हा उघडायचं झालं तर त्यांनाच, आणि या दोन महिन्यांत.

एका रविवारी दुपारी त्या कागद घेऊन बसल्या. मगूला एक पान लिहायचं. तीस वर्षं पोरांना लिहायला शिकवणारी बाई, तिला एक पान ते काय अवघड! पाऊण तासाने त्यांनी लिहिलं, 'गतवर्षी पालकसभेत माझ्याकडून अनवधानाने घडलेल्या प्रकाराबद्दल मी मनःपूर्वक दिलगीर आहे.'

त्यांची नणंद त्यांच्याकडेच राहायची. कचेरीत टायपिस्ट म्हणून उभा जन्म काढलेली, नाकावर चष्मा, जिभेवर लिंबू. ती खांद्यावरून वाचून म्हणाली, "वहिनी, ही माफी आहे की पाणी बंद राहणार असल्याची सूचना?"

"तुम्ही तुमचं वर्तमानपत्र वाचा हो."

"अशी पत्रं मी बोटं झिजेपर्यंत टाइप केलीत. 'अनवधानाने' आलं की समजायचं, साहेबाला काहीसुद्धा वाटत नाहीये. वय काय मुलीचं?"

"नऊ."

"मग नऊ वर्षांच्या माणसाला कळेल असं लिहा की. का तुम्हाला तेवढं येत नाही?"

बाईंनी कागद चुरगाळला. दुसरा घेतला. तिसऱ्यावर 'बाळा' लिहून खोडलं. चौथ्यावर रबर इतका फिरला की कागद फाटला. चहाच्या वेळेपर्यंत टेबलावर रबराच्या भुकटीचा सडा पडला होता आणि हातात एवढंच होतं:

'तू तिसरीत एक पान लिहिलं होतंस. मग मी ते सभेत वाचलं. मग तुझ्या आईला कळलं. मग तू ससा लिहिलास. मला वाईट वाटतं.'

वाचलं आणि त्यांना हसूच आलं. आपण दुसरीत आहोत की! पण याहून पुढे हात जाईना. त्यांनी तोच कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

सोमवारी मधल्या सुट्टीत मगू एकटी बाकावर होती. बाईंनी कागद तिच्यापुढे ठेवला आणि उगीचच फळा पुसायला घेतला, कोरा होता तरी. मगूने वाचलं. बोटाखाली ओळ धरून, पुन्हा पहिल्यापासून.

"बाई, हे सगळ्यांसमोर वाचणार तुम्ही?"

"नाही गं. हे फक्त तुला."

"अच्छा." ती पाय हलवत बसली. मग तिने पेन्सिल कागदावर टेकवली. "पण इथे तुम्ही लिहिलंच नाहीये."

"काय?"

"का वाचलंत ते. नुसतं मग मग मग आहे."

बाईंच्या हातातलं डस्टर थांबलं. तीस वर्षांत त्यांच्या लिखाणात कुणी एवढी अचूक जागा दाखवली नव्हती. त्या लहान बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन, मगूच्या शेजारी बसल्या. तिचीच पेन्सिल घेतली. 'मी वाचलं कारण' एवढं लिहिलं आणि थांबल्या. 'कारण पालकांना दाखवायचं होतं की' असं लिहून खोडलं. 'कारण तुझं लिखाण चांगलं' हेही खोडलं. मगूने आपला खोडरबर पुढे सरकवला.

शेवटी त्यांनी लिहिलं, 'मी वाचलं कारण मला मिरवायचं होतं. तुझ्या बाबांचं काय होईल ते माझ्या डोक्यातच आलं नाही.'

मगूने वाचलं. मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी. "आणि बाबांना सांगितलंत हे?"

"नाही."

"मग आधी त्यांना सांगा ना," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मी हे ठेवू?" उत्तराची वाट न पाहता तिने कागद दप्तराच्या आतल्या कप्प्यात टाकला आणि चेन लावली. त्या शुक्रवारी तिने 'वृक्षांचे महत्त्व' लिहिलं. बाईंनी खाली उत्तर लिहायला हिरवं पेन उचललं आणि काय लिहावं ते सुचेना म्हणून नुसतं लिहिलं, 'अजून गेले नाही. जाते.'

मगूच्या वडिलांना वर्षभरापूर्वीच पुन्हा काम लागलं होतं. दुसऱ्या आठवड्यात, दातांच्या दवाखान्यांनी भरलेल्या एका चारमजली इमारतीत, बाईंना ते सापडले. म्हणजे त्यांचं डोकं सापडलं. तळमजल्यावर लिफ्टचं दार सताड उघडं, समोर पट्टी आडवी बांधलेली, आणि खालच्या खड्ड्यातून जमिनीच्या पातळीला आलेलं एक डोकं.

"लिफ्ट बंद आहे. जिन्याने जा," डोकं वर न बघता म्हणालं.

"मला वर नाही जायचं. तुमच्याकडेच आलेय."

त्यांनी वर पाहिलं. ओळखलं. बाहेर यायला कठड्याला हात लावला, पण बाई घाईघाईने म्हणाल्या, "असू द्या, असू द्या," आणि चक्क पायरीवर बसल्या, म्हणजे डोळे जवळजवळ समोरासमोर आले. दाढदुखीने गाल धरलेला एक म्हातारा त्या दोघांकडे बघत जिना चढून गेला. बाईंनी सांगितलं. आडवळण न घेता, 'अनवधानाने' न म्हणता. मिरवायचं होतं, हेही सांगितलं.

लिफ्टवाले हातातलं फडकं बोटांवर फिरवत ऐकत राहिले.

"त्या दिवशी सभा सुटल्यावर आम्ही तिघं चालतच गेलो," ते म्हणाले. "घरी गेल्यावर हिने तो डबा घासला. पुसून फळीवर ठेवला आणि म्हणाली, उद्यापासून नेऊ नकोस, घरी जेव. बस. सुटलोच म्हणा मी. चार महिने बागेत बसून भाजीची चव पाठ करत होतो, संध्याकाळी सांगायला लागायची म्हणून." ते थोडंसं हसले, मग हसू गेलं. "पण पोरीच्या डोक्यातून जात नाही. आम्ही म्हणतो, नाही गं राणी, तू काही केलं नाहीस. तर म्हणते, मी लिहिलं म्हणून कळलं. लिहिलंच नसतं तर कळलं नसतं. आता यावर काय बोलायचं?"

त्यांनी फडक्याची घडी घातली.

"ते पान आहे का अजून? मला नीट ऐकूच आलं नव्हतं. तुम्ही वाचत होतात आणि माझ्या कानात नुसती शिट्टी वाजत होती."

"आहे. पण ते तिचं आहे. तिला विचारावं लागेल."

"बरोबर आहे," लिफ्टवाले म्हणाले. फडकं खांद्यावर टाकलं. "तेव्हाही विचारलं असतंत तर बरं झालं असतं."

"हो," बाई म्हणाल्या.

त्या उठल्या तेव्हा साडीला ग्रीसचा पट्टा लागला होता. तो कशानेच गेला नाही. नणंद म्हणाली, "राहू दे. एक पैसा न देता पोच मिळाली तुम्हाला."

शेवटचा शुक्रवार आला. पोरांनी पानं घेतली. कुणी अर्ध्या तासात पूर्ण करून चित्राला लागलं. आडव्या बांध्याच्या एका मुलाने लिहिलं, 'मला मोठ्या शाळेची भीती वाटते पण मी तसं दाखवणार नाही' आणि 'दाखवणार नाही' खाली स्वतःच रेघ ओढली. बाई टेबलाशी बसून राहिल्या. मगूच्या बाकाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि दर मिनिटाला बघत होत्या. पहिली पंधरा मिनिटं मगू खिडकीबाहेर बागेकडे पाहत होती. पान कोरं. निदान ससा तरी, असंही एकदा बाईंच्या मनात आलं.

मग ती वाकली. इतकी, की नाक कागदाला लागावं. पेन्सिल चालली, थांबली. रबर चालला. पुन्हा पेन्सिल. घंटा झाली, पोरं धबधब्यासारखी बाहेर पडली, तरी ती लिहीतच होती. कागद उलटा करून मागच्या बाजूलाही.

अखेर ती टेबलाशी आली. चार घड्या करून, वर टाचणी लावलेलं पान तिने टेबलावर ठेवलं.

"झालं," ती म्हणाली. "पण तुम्ही वाचायचं नाही."

बाईंचा हात पुढे आला होता, तो तसाच राहिला. चार वर्षं आवडीचा घास शेवटाला ठेवला होता आणि आता ताटच उचललं जात होतं. "बरं," त्या म्हणाल्या.

"सरांनी पण नाही."

"सरांनी तर नाहीच नाही."

"बाबांना वाचू देणार आहे. आईलापण, ती दुकानातून आली की. जुनं पण दाखवणार आहे, ते कारणवालं. बाबांनी मला विचारलं." तिने जरा विचार केला. "तुमच्यावर पण आहे त्यात थोडंसं. वाईट नाही. म्हणजे थोडं आहे."

"असू दे की."

बाईंनी फाइलची दोरी सोडली, घडी तशीच ओवली, गाठ मारली आणि चाळीस पानं मगूच्या हातात दिली. तिने ती दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि पळाली.

मुख्याध्यापक नोंदवही घेऊन आले तेव्हा बाई एकट्याच होत्या. "तुमच्या त्या मोत्याच्या अक्षरवालीची श्रेणी राहिली. शेवटचं पान कसं होतं?"

"मी वाचलं नाही."

"वाचलं नाही? मग श्रेणी कशावरून देणार?"

बाईंनी टेबलाकडे बोट दाखवलं. जिथे ती घडी ठेवली होती तिथे करड्या भुकटीची एक छोटीशी रास पडली होती, घडीच्या कडांतून गळलेली. "यावरून," म्हणाल्या आणि रकान्यात सगळ्यात वरची श्रेणी लिहिली. सरांनी भुकटीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि वर्षाअखेरीला बायका अशाच वागतात असं काहीसं पुटपुटत वही घेऊन गेले.

बाई खिडक्या लावायला उठल्या. मागच्या बागेत, नेहमीच्या बाकावर, लिफ्टवाले बसले होते. शेजारी मगू. फाइल तिच्याच मांडीवर होती, पानं तीच उलटत होती, आणि वडिलांचं वाचून होईपर्यंत पुढचं पान तळव्याखाली दाबून धरत होती. एका पानाशी ते बराच वेळ थांबले. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मगूने टाचणी काढायला घेतली.

बाईंनी हात केला नाही. खिडकी ओढून घेतली, कडी घातली आणि टेबल पुसायला फडकं शोधू लागल्या.